उन्हाळी पार्टीचा फ्लोट आणि आजीचा ग्लास



गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला माझी धाकटी तिच्या वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. वय वर्षं नऊ. दोन तासांनी परत आली ती चप्पल काढून थेट माठाकडे. दोन भांडी पाणी प्यायली आणि गप्प बसली. बऱ्याच वेळाने बोलती झाली. पार्टी एका आइस्क्रीमच्या दुकानात होती. सगळ्या मुलींना उंच ग्लासात सोडा, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, जेलीचे तुकडे आणि गुलाबी मार्शमॅलो असा ‘फ्लोट’ मिळाला. हिने विचारलं, "यात जिलेटिन आहे का?" दुकानातल्या दादाला सांगता आलं नाही. मग हिने घेतलाच नाही.

मी तिला जवळ घेतलं, शाबासकी दिली. तर म्हणाली, "आई, मला ते प्यायचं नव्हतंच गं. पण सगळ्यांच्या हातात ग्लास होता आणि माझाच हात रिकामा. तसं उभं राहायला नको वाटतं."

जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, हे तिला मीच शिकवलं होतं. पण नियम शिकवताना हातात दुसरं काय द्यायचं, ते मात्र शिकवलं नव्हतं. तिचा स्वतःचा वाढदिवस त्याच महिन्याच्या शेवटी, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी येत होता. म्हटलं, यंदा घरी पार्टी करायची, आणि फ्लोटच करायचा.

हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. १८७४ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट ग्रीन नावाच्या सोडाविक्रेत्याने सोड्यात पहिल्यांदा आइस्क्रीम घातलं, असं सांगतात. आपल्या पुण्याची मस्तानी त्याची चुलतबहीण म्हणा ना, फक्त तिथे सोड्याऐवजी दाट दूध.

आधी बाजारचं आइस्क्रीम आणावं म्हणून डब्यांवरचं बारीक अक्षर वाचायला बसले. हिरवा ठिपका पाहायचाच, पण पुढेही वाचायचं. लाल-गुलाबी रंगासाठी कधी कधी ई १२० वापरतात, तो किड्यांपासून काढलेला रंग. काही इसेन्स अल्कोहोलमध्ये बनवलेले असतात. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. वाचता वाचता डोळे दुखले. शेवटी घरीच करायचं ठरवलं. दहा ग्लासांचं प्रमाण देते.

आइस्क्रीमसाठी एक लिटर सायीचं दूध घ्या. त्यातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेलं दूध मंद आचेवर पंधरा मिनिटं आटवा, एक वाटी साखर घाला आणि कालवलेलं दूध सतत ढवळत ओता. पाचेक मिनिटांत दाटसर होतं. पूर्ण गार झाल्यावर वेलचीपूड घालून डबा फ्रीजरमध्ये ठेवा. चार-पाच तासांनी अर्धवट जमलं की एक वाटी घट्ट साय घालून मिक्सरमधून फिरवा आणि पुन्हा रात्रभर ठेवा. हे फिरवणं टाळू नका. त्याने हवा मिसळते, बर्फाचे खडे होत नाहीत आणि गोळा हलका होऊन सोड्यावर तरंगतो.

सरबतासाठी हंगामाच्या शेवटची पाऊण किलो काळी द्राक्षं आणली. घडातून सोडवून, एकेक पाहून, धुऊन अर्धी वाटी पाण्यात दहा मिनिटं उकळली, कुस्करली आणि गाळून घेतली. त्या रसात एक वाटी साखर घालून दोन-चार उकळ्या काढल्या. रंग असा जांभळा, की वेगळ्या रंगाची गरजच नाही.

माझी पहिली चाचणी मात्र फसली. मी हौसेने लिंबू-सरबतावर आइस्क्रीम घातलं. आंबटाने दूध फाटलं आणि वर पांढरे कण तरंगायला लागले. द्राक्षाच्या गोड सरबताने तसं झालं नाही. दुसऱ्या चाचणीत आधी गोळा घातला आणि वरून धडाधड सोडा ओतला. ग्लास उतू गेला, टेबलक्लॉथ जांभळा! सोड्यात विरघळलेला वायू आइस्क्रीमच्या खडबडीत अंगावर आणि त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांवर एकदम सुटतो. दुधातले घटक त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात, म्हणून नुसत्या सोड्याचा फेस लगेच बसतो आणि हा टिकतो. तेव्हा तळाशी तीन मोठे चमचे सरबत, मग अर्धा ग्लास गार सोडा, त्यावर अलगद गोळा आणि शेवटी ग्लास तिरका धरून कडेने थोडा थोडा सोडा. ग्लास पाऊणच भरायचा. साडेसातशे मिलिच्या दोन बाटल्या पुरतात. सगळे ग्लास परातीत ठेवा, सांडलं तरी चिंता नाही. सोडा आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवला की वेगळा बर्फ लागत नाही.

हे सगळं चाललं असताना सासूबाई ओट्याजवळ बसून द्राक्षं निवडून देत होत्या. त्यांनी व्रतं घेतली आहेत. गाळलेलं पाणी एका मुहूर्तापुरतं, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेलं पाणी २४ तास. तापवलेल्या दुधाचीही तीच मर्यादा. रात्रभर फ्रीजरमध्ये राहिलेलं आइस्क्रीम, बाटलीतला सोडा, यातलं काहीच त्यांना चालत नाही. त्या कधी कुणाला बोलत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सूर्यास्ताच्या आत आटपा म्हणजे झालं." पार्टी साडेचारची ठेवली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. बस्तीत भगवान ऋषभदेवांच्या पहिल्या आहाराची कथा ऐकली. दरवर्षीच ऐकतो आपण. वर्षाहून अधिक काळ भगवंतांना आहार मिळाला नाही. लोक निर्दय होते म्हणून नव्हे. कुणी हत्ती-घोडे आणत होतं, कुणी रत्नं, कुणी वस्त्रं. देणारे पुष्कळ होते, पण घेणाऱ्याला काय चालतं हे कुणाला माहीत नव्हतं. हस्तिनापुरात राजा श्रेयांसांना पूर्वजन्माचं स्मरण झालं, आहारदानाचा विधी आठवला आणि त्यांनी इक्षुरस दिला.

घरी येताना लेकीने रिक्षात विचारलं, "उद्या आजी काय पिणार?"

मला उत्तर देता येईना. घरातल्या किती वाढदिवसांना, किती भिशांना त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर हसतमुख बसल्या असतील! "आईंना काही चालत नाही," असं म्हणून मी पाहुण्यांना पुढे वाढत राहिले. पंधरा वर्षं त्यांचा हात रिकामा होता आणि मला तो दिसला लेकीचा रिकामा राहिला तेव्हा.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, ऊस दारातला. तृतीयेसाठी भावाने पाठवलेल्यातली चार कांडकी शिल्लक होती. रसवंतीचा रस सासूबाईंना चालत नाही, त्यात आलं असतं, बर्फ असतो, चरक कशाने धुतात कोण जाणे. म्हणून वाढदिवसाच्या दिवशी सव्वाचारला लेकीने पाणी गाळलं, माझ्याबरोबर ऊस धुतला, सोलला, बारीक गंडेऱ्या केल्या. धुतलेल्या मिक्सरमध्ये फिरवून आजीच्याच गाळण्याच्या फडक्यातून दोघींनी पिळून काढला. जेमतेम एक ग्लास निघाला. मग ती स्टुलावर चढली आणि या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून तीनदा ओतला. वर चांगला दोन बोटं फेस!

मुली आल्या. परातीतले जांभळे ग्लास वाटले, ओठांवर पांढऱ्या मिशा उमटल्या, हसणं-खिदळणं सुरू झालं. लेकीने स्वतःचा ग्लास तसाच ठेवला आणि आधी स्टीलचा पेला आजीसमोर धरला. म्हणाली, "आजी, हा तुझा फ्लोट. यात सगळं तुला चालतं."

सासूबाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला. णमोकार म्हटला आणि हळूहळू, घोट घोट करत संपवला. फेस त्यांच्याही ओठांवर लागला होता. पुसायला गेल्या तर मुलींनी पुसूच दिला नाही.

नंतर भांडी विसळताना मला म्हणाल्या, "ऊस जरा जून होता. पुढच्या वर्षी आधी सांग, मी गंडेऱ्या करून देईन."

मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात पार्टी कराल तर फ्लोट जरूर करून बघा. फक्त यादी करताना कोणाकोणाला बोलवायचं हे लिहिलं, की त्यापुढे कोणाला काय चालतं हेही लिहा. आणि यादीत घरातल्यांची नावं राहून जातात, ती आधी घाला.

जय जिनेंद्र.