पॉइंटची फट

आमची प्रीमियर पद्मिनी रुसली, की मेस्त्री डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट घाशीत बसत. एवढीशी ती जोडी. पण इंजिनाचे फेरे मिनिटाला ३००० झाले, म्हणजे तिची सेकंदाला १०० वेळा उघडझाप! दर उघडण्याला कॉइलचा प्रवाह तुटायचा आणि प्लगमध्ये ठिणगी पडायची. साहजिकच टोके जळत, फट बदले, आणि सकाळी शेजारी गाडी ढकलायला येत. (आमच्या वाड्यातला शेजारधर्म टिकवण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.)

यंदा मेस्त्रींनीच इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा आग्रह धरला. मला वाटले, दुकानदाराकडून यांना काही सुटत असणार.

"तसं नाही, सर," ते म्हणाले, "ती फट आता मला दिसत नाही."

३० वर्षे ज्यांनी ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत अचूक बसवली, त्यांच्याविषयी मी हे मनात आणले होते! मुकाट्याने पैसे काढून दिले.

पॉइंट गेले, दांड्यावर लोहचुंबकाचे कडे आणि शेजारी ते ओळखणारा सेन्सर आला. घासणे नाही, फट नाही. पहिल्याच चावीला इंजिन सुरू! सौभाग्यवतींनी नारळ फोडला. मेस्त्री मात्र जुने पॉइंट आणि कंडेन्सर फडक्यात बांधीत होते.

"हे डिकीत ठेवा. नवं यंत्र रस्त्यात गेलं, तर घासून चालू व्हायचं नाही."

"पण बसवणार कोण?"

त्यांनी नुकताच बसवलेला सेन्सर पुन्हा सोडवला आणि फीलर गेज माझ्या हातात दिला.

"तुम्हाला दिसतंय ना अजून?"

मी चष्मा पुसून वाकलो.