डोंगल, लाइट आणि वहिनींची वही

वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या लोकांना बदलापूरच्या पुढचं लोकलचं स्टेशन आठवतं. आमची वांगणी ती नाही. आमची जव्हार-मोखाड्याकडची, डोंगरातली. रेल्वे नाही, पावसाळ्यात लाइट असते-नसते, आणि फोनला रेंज हवी असेल तर अंगणातली ठरावीक जागा धरून उभं राहायचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. घरच्यांच्या दृष्टीने याचा अर्थ मी 'कॉम्प्युटरवाला' आहे, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच येणार. सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यातला फरक समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला.

जुलै २०२२ मध्ये वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. त्या गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतात. एक खोली, एक जुना डेस्कटॉप, प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र आणि इंटरनेटचं डोंगल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डात नाव घालणं, सगळं तिथूनच होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी आमचा जिल्हा ठाणे होता आणि काही कामांना थेट ठाणं गाठावं लागायचं. त्यामुळे गावातच मिळणाऱ्या प्रिंटआउटची किंमत काय, हे शहरातल्या माणसाला सांगूनही फारसं कळत नाही.

"भावजी, मशीन काही दिवस चालूच होत नाही. काही दिवस होतं. तालुक्याच्या माणसाने बघितलं. म्हणतो मदरबोर्ड गेला, दमट हवेने. सात हजार लागतील."

सात हजार त्या बचत गटातून उचलणार होत्या. मशीनसाठी काढलेलं आधीचं कर्ज अजून फिटायचं होतं. आणि महिना जुलैचा. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, प्रवेश सुरू. पाड्यावरून चालत आलेली पोरं ओट्यावर बसून होती आणि आत स्क्रीन काळी.

मी विचारलं, काळी म्हणजे नेमकी कशी? त्या म्हणाल्या, "वर डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकते. बाकी काही नाही."

इथे जरा थांबतो, कारण या रेघेतच सगळं आहे. कॉम्प्युटरचं बटण दाबता तेव्हा त्याला काहीही आठवत नसतं. विंडोज नावाची गोष्ट जगात आहे हेही त्याला ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम असतो, बायोस. तो उठतो, मेमरी तपासतो, कीबोर्ड तपासतो आणि मग एक यादी काढतो: कुणाकडे जाऊन 'मला सुरू कर' म्हणायचं त्या यंत्रांची यादी. पहिल्याने होकार दिला की त्याच्या स्वाधीन. त्याने होकार देऊन पुढे काहीच केलं नाही, तर बायोस बिचारा परत येत नाही. राहते ती लुकलुकती रेघ.

ही खोड नवी नाही. फ्लॉपीच्या काळात ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी हे मशीन सुरू न होण्याचं नेहमीचं कारण होतं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस याच वाटेने पसरला. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात बसायचा. मशीन सुरू होताना फ्लॉपी आत असली की विंडोज-बिंडोज सोडा, डॉसच्याही आधी तो मेमरीत शिरलेला असायचा. लोक यंत्राला दोष द्यायचे, आणि कारण खाचेत अडकवलेल्या वस्तूत असायचं.

म्हणून मला पहिला संशय बाहेरून जोडलेल्या वस्तूंचा आला. पण वहिनींचं 'काही दिवस होतं, काही दिवस नाही' हे त्यात बसेना. वस्तू तर रोज त्याच.

"कुठल्या दिवशी झालं नाही, आठवतं का?"

"आठवायचं कशाला? वहीत आहे ना."

वहिनी वही ठेवतात. रोज किती लोक आले, कुणाचं काय काम, किती पैसे, आणि काम झालं नाही तर का झालं नाही. लोक पुन्हा येतात तेव्हा भांडण नको म्हणून. आमच्या ऑफिसात सर्व्हरचे लॉग बघायला मोठमोठे स्क्रीन आहेत, त्यात लाखो ओळी असतात आणि त्या वाचताना डोकं फिरतं. वहिनींच्या वहीची तीन आठवड्यांची पानं त्यांनी फोनवर वाचून दाखवली, मधे दोनदा फोन कटला, आणि मी इतका स्वच्छ लॉग आजवर बघितलेला नाही.

त्यात तीन प्रकारचे दिवस होते. एक, सगळं ठीक. दोन, 'मशीन बंद, दुपारी चालू'. तीन, 'मशीन चालू, साइट उघडत नाही, नेट खराब'. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या नोंदींशेजारी जवळपास प्रत्येक वेळी एक वेगळी टीप होती: रात्री लाइट गेलेली. दुसऱ्या दिवशी कुणाचा फोन चार्ज झाला नाही म्हणून ती टीप! वहिनी केंद्राचं मेन बटण बंद करत नाहीत, कारण रात्री शेजारपाजारचे फोन तिथे चार्जिंगला असतात. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी मेलेली.

लाइट गेली की काय विसरलं जातं? बायोसची यादी आणि तारीख. त्या दोन्ही गोष्टी जपायला मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर-२०३२. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. मशीन बंद असलं तरी भिंतीतली वीज चालू आहे तोवर त्या सेलची फारशी गरज पडत नाही. पुण्यात माझ्या टेबलाखालच्या मशीनचा सेल मेला, तर मला कित्येक महिने पत्ता लागणार नाही. वांगणीत तो पहिल्याच रात्री कळतो. म्हणजे कळला होता, फक्त त्याला कुणी सेल म्हणत नव्हतं. "सुरू करताना काही इंग्रजी येतं का?" विचारलं, तर म्हणाल्या, "येतं ना. एफ-टू दाबा म्हणतं, मी दाबते. विकणाऱ्याने सांगितलं होतं, येईल ते दाबायचं." एफ-टू दाबलं की बायोस आपली मूळ यादी घेतो. आणि या जुन्या बोर्डाच्या मूळ यादीत हार्ड डिस्कच्या आधी यूएसबी आणि सीडी होती.

आता डोंगल. अनेक डोंगलच्या पोटात एक खोटी सीडी असते. पहिल्यांदा लावलं की ते मॉडेम म्हणून नाही, सीडी म्हणून ओळख देतं, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर तिथूनच बसवता यावं. विंडोजला ही चलाखी माहीत असते. बायोसला नसते. त्याला सीडी दिसली, तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि आत सुरू करण्यासारखं काहीच नव्हतं.

पण मग तिसरा प्रकार? काही रात्री वहिनी डोंगल घरी नेत, मुलाच्या अभ्यासासाठी. सकाळी मशीन चालू झाल्यावर लावत. त्या दिवशी विंडोज नीट सुरू व्हायचं, फक्त तारीख असायची १ जानेवारी २०१०. सरकारी साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतं असतं, ब्राउझर ते घड्याळाशी ताडून बघतो. २०१० सालच्या मशीनला २०२२ सालचं प्रमाणपत्र दाखवलं, तर तो दार लावून घेणारच. "तारीख नाही बघितली का?" यावर वहिनी हसल्या. "तारीख बघायला भिंतीवर कालनिर्णय आहे."

आणि दुपारी आपोआप चालू व्हायचं, ते का? दमट हवा सुकते म्हणून, असं तालुक्याच्या माणसाचं मत. आमच्याकडे जुलैत दुपारीही काही सुकत नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं. दुपारी मुलगा शाळेतून यायचा, डोंगल काढून पॉवर बँकेला लावायचा आणि रेंज शोधत अंगणात जायचा. मागे वहिनी 'बघू आता' म्हणून बटण दाबायच्या.

पुढचं काम पाच मिनिटांचं होतं आणि ते त्यांनी केलं. मी फक्त कानाशी फोन धरून होतो. सगळ्या वायरी काढायच्या, प्रिंटरचीसुद्धा. प्रिंटरची मुद्दाम, कारण स्वतःची वीज असलेली काही यंत्रं यूएसबीच्या वायरीतून उलटी वीज देतात, आणि भिंतीतली पिन काढली तरी मदरबोर्डवरचा दिवा जळत राहतो. मग 'सीपीयू'चं झाकण. (डब्याला सीपीयू म्हणणं चूक आहे हे मला माहीत आहे. महाराष्ट्रात कुणालाही सांगून बघा.) सेल दुसऱ्या दिवशी जव्हारहून घड्याळाच्या दुकानातून आला, चाळीस रुपयांना. तो बसवला, तारीख घातली, यादीत हार्ड डिस्क वर नेली, आणि मग एकेक वस्तू लावत प्रत्येक वेळी मशीन बंद-चालू करून बघितलं. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, ठशांचं यंत्र, सगळ्यात शेवटी डोंगल. प्रत्येकाची नोंद वहीत, वेळेसकट.

जोडलेल्या वस्तूने मशीनची फजिती होणं हे काही गरिबाच्या केंद्रापुरतं नाही. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ चालू असलेल्या मशीनला स्कॅनर जोडला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली. सभागृह हसलं, गेट्सही हसले. तिथे कुणाचा प्रवेश अडलेला नव्हता.

बचत गटाचं कर्ज वहिनींनी काढलं नाही. तालुक्याच्या माणसाला बघण्याचे तीनशे मात्र गेले, ते वहीत आहेत.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "भावजी, आता मशीन रात्री आपोआप चालू होतंय." हेही बायोसचंच होतं. त्यात एक सेटिंग असते, गेलेली वीज परत आली की मशीनने काय करायचं याची: बंद राहायचं की उठायचं. यादी बदलताना तेही बदललं गेलं असणार. कुठे जाऊन काय निवडायचं ते मी सांगायला लागलो.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "ते बीप करतं ना, त्याने शेजारच्या आजीला कळतं लाइट आली म्हणून. ती उठून पाण्याची मोटर लावते."