वस्तरा कुणाच्या हातात?

आमच्या ऑफिसात एखादा गुळगुळीत दाढी करून आला, की समजायचं, गड्याचा इंटरव्ह्यू तरी आहे नाहीतर साखरपुडा. बाकी आम्ही सगळे ट्रिमरवाले. तीन मिलिमीटर की पाच, एवढाच आमचा प्रश्न. स्वतःची दाढी स्वतः करणं हीसुद्धा कधीकाळी नवलाईची गोष्ट होती, हे चार्जिंगला लावलेल्या ट्रिमरकडे बघून कुणाच्या डोक्यात येईल?

जुना वस्तरा सांभाळणं सोपं नव्हतं. चामड्याच्या पट्ट्यावर त्याची धार राखावी लागे आणि गळ्याशी हात थरथरला तर रक्त ठरलेलं. त्यामुळे पुष्कळ पुरुष न्हाव्यासमोरच बसत. हे बदललं ते किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यामुळे. तो बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीत होता. बूच एकदा वापरायचं, फेकायचं, पुन्हा नवं घ्यायचं. मग पात्याचं तसं का नको? कागदासारखं पातळ, तरी धारदार पोलाद बनवायला मात्र काही वर्षं गेली. विल्यम निकरसन या एमआयटीत शिकलेल्या इंजिनियरनं ते जमवलं. १९०३ मध्ये ५१ रेझर विकले गेले, पुढच्या वर्षी ९० हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले.

दाढीचा इतिहास सांगणारे व्हिडिओ इथून थेट दोन पाती, तीन पाती, पाच पाती असे पुढे जातात. मला मात्र इथंच थांबावंसं वाटतं. कारण आपल्याकडे वस्तरा किती धारदार, यापेक्षा तो कुणाच्या हातात आणि कुणाच्या गालावर, हे महत्त्वाचं होतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्यातलं बालपण सांगितलंय. घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची. गावात न्हावी होते, द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता.

न्हाव्यांना दोष देऊन हे संपत नाही. तो बलुतेदार. वर्षाचं धान्य गावाकडून मिळायचं. आमच्या वस्तीत वस्तरा चालवला असता तर गावानं त्याच्यापुढे डोकं धरलं नसतं. आणि याच समाजानं आपला वस्तरा खाली ठेवूनही दाखवलाय. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं, की विधवांचं केशवपन आपण करायचं नाही. नको त्या डोक्यावर वस्तरा चालवायचा, हव्या त्या गालावर चालवायचा नाही, दोन्ही हुकूम दुसऱ्याचेच होते.

माझे आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईला गिरणीत लागले. पहिल्या सुट्टीला गावी येताना त्यांच्या पिशवीत सेफ्टी रेझर आणि ब्लेडचं पाकीट होतं. तोवर वस्तीत एक म्हातारा जुन्या वस्तऱ्यानं सगळ्यांना खरडायचा. पप्पा सांगतात, त्या सुट्टीत आमच्या दारात रांग लागली होती. आजोबा दारात बसून दाढी करायचे. मांडीवर आरसा, बाजूला पितळी पेल्यात पाणी. पेलाभर पाण्यात सगळं उरकायचं.

या पेल्यावरून एक गंमत आठवते. जिलेट कंपनीनं भारतासाठी एक रेझर काढला. त्याची चाचणी घेतली ती एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांच्याकडे चोवीस तास नळाला पाणी! इथं पेल्यातल्या पाण्यात तो रेझर केसांनी तुंबायला लागला. म्हणजे कंपनीचीच बिनपाण्यानं झाली. पुढे त्यांची माणसं भारतात घरोघर जाऊन बसली, लोक दाढी कशी करतात ते बघितलं आणि २०१० मध्ये एका पात्याचा, सहज धुता येणारा ‘गार्ड’ काढला. किंमत पंधरा रुपये. युजरच्या घरी न जाता फीचर बनवलं की काय होतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण इतक्या चांगल्या उदाहरणानं कुणी सांगत नाही.

१९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात ‘दुकान’ या शब्दाची व्याख्या आहे. त्यात केस कापायचं सलून वेगळं नाव घेऊन लिहिलंय. मी ती वाचली तेव्हा वाटलं, लिहिणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं, पळवाट कुठून काढली जाईल. तरीही अमुक गावात केस कापायला नकार दिला, अशी बातमी अजून अधूनमधून येतेच.

पुण्यात मी महिन्यातून एकदा सलूनमध्ये जातो. दादा माझ्यासमोर नवं ब्लेड काढतो, मोडून अर्धं करतो, होल्डरमध्ये बसवतो. ‘मान वर घ्या’ म्हणतो. मी गळा पुढे करतो. तो मला नाव विचारत नाही, आडनाव तर नाहीच. माझं पूर्ण नाव त्याच्या मोबाइलवर उमटतं ते यूपीआयनं पैसे गेल्यावर, म्हणजे दाढी होऊन गेल्यावर. बहुतेक तो ते वाचतही नसावा.

पप्पांना मी दोनदा सोबत चला म्हणालो. आले, बाकावर पेपर वाचत बसले, पण खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, “घरी होते की.”