आजीची चूक आणि रॉकेटचा जोर



३० जुलै २०२३, रविवार. सिंगापूरला सकाळचे नऊ वाजले होते. आम्ही नातवाला जवळ घेऊन टीव्हीपुढे बसलो. श्रीहरिकोट्याहून इस्रोचे पीएसएलव्ही रॉकेट सिंगापूरचा डीएस-सार उपग्रह घेऊन निघाले. त्या उपग्रहावरचे रडार इस्राएलचे. आपली तिन्ही घरं एकाच रॉकेटवर! ऊर भरून आला.

नातवानं विचारलं, "आजी, हे वर कसं जातं?" आम्ही ठोकून दिलं, "खालच्या हवेला ढकलतं." पोर लगेच म्हणालं, "मग वर हवा नाही, तिथे कशाला ढकलतं?" आम्ही गप्प! जन्मभर नर्सचं काम केलं. चूक झाली तर लपवायची नाही, लगेच सांगायची, ही आमची शिस्त. म्हणून पुस्तकं काढली.

खरं असं आहे. रॉकेट तापलेला वायू जोरात मागे फेकतं आणि त्या फेकण्याच्याच धक्क्यानं पुढे जातं. हवा मदत करीत नाही, उलट आडवी येते. रक्तदाब आम्ही १२० मिलिमीटर पारा मोजायचो, समुद्रकाठी हवेचा दाब ७६०! तो रॉकेटला उलटा रेटतो. साडेपाच किलोमीटर उंचीवर तो निम्मा होतो. जसा दाब उतरतो, तसा तेवढ्याच इंधनात जोर वाढतो. कल्पना चावला ज्या स्पेस शटलमधून गेल्या, त्याच्या मुख्य इंजिनात प्राणवायू धरून एक किलो इंधन एक किलो वजनाइतका जोर जमिनीवर ३६६ सेकंद देई, निर्वात जागी ४५२ सेकंद.

म्हणून वरच्या टप्प्यातल्या इंजिनाचं तोंड घंटेसारखं खूप रुंद करतात, वायू नीट पसरावा म्हणून. तेच इंजिन जमिनीवर पेटवलं, तर बाहेरची हवा तोंडात शिरून त्याला हादरे देते.

आमच्यासारखी चूक मोठमोठ्यांनी केली. निर्वात जागी रॉकेट चालायचं नाही, म्हणून १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सनं शास्त्रज्ञ गॉडर्ड यांची टिंगल केली. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्यांनी चूक छापून कबूल केली. त्यांना ४९ वर्षं लागली, आम्हाला दोन दिवस.

तेव्हा आजी-आजोबांनो, नातवंडांपुढे "आमचं चुकलं" म्हणायला लाजू नका. आमचा नातू त्या दिवसापासून जास्तच प्रश्न विचारतो.