किती सुटतात?

‘दादा, महिन्याला किती सुटतात?’

बाणेरहून हिंजवडीला जाणारा दर दुसरा पॅसेंजर मला हा प्रश्न विचारतो. गळ्यात आयकार्ड, मांडीवर लॅपटॉप, बाहेर जाम ट्रॅफिक. वेळ घालवायला दुसरं काय विचारणार? मीही झोकात सांगायचो, ‘साठेक हजार!’ मागच्या सीटवर क्षणभर शांतता. मग हमखास येणारं वाक्य : ‘च्यायला, आमच्यापेक्षा बरंय की तुमचं!’

त्या वाक्यासाठी मी ‘साठ’ म्हणायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तुमच्यातलाच होतो. बॅक ऑफिसमध्ये नोकरी, हातात ३४ हजार पगार, वर्षाकाठी फॉर्म १६. टॅक्सचं जे काय असेल ते ऑफिसच कापायचं. मग आमचं अख्खं डिपार्टमेंटच गुंडाळलं गेलं. सहा-सात इंटरव्ह्यू दिले, एकाचाही फोन आला नाही. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये सीएनजीवाली सेडान घेतली. किंमत साडेआठ लाख, त्यातलं सात लाख कर्ज. पिवळी नंबर प्लेट, परमिट, एक अ‍ॅप… झालो स्वतःच्या मर्जीचा मालक!

पहिल्या वर्षी रोज बारा तास, महिन्याला २६ दिवस गाडी चालवली. अ‍ॅपचं कमिशन जाऊन महिन्याला सरासरी ६० हजार पदरात पडत होते. आमच्या बाईसाहेब एका खासगी शाळेत शिकवतात. तिनं या साठात आपला पगार मिळवला आणि रावेतला वन बीएचके बघायला सुरुवात केली. सँपल फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून म्हणाली, ‘अरे, जमेल आपल्याला.’ मी मान डोलावली. पोटात मात्र काहीतरी खटकत होतं. साठ येतात, तर महिनाअखेरीला पेट्या का रिकाम्या?

होम लोनला रिटर्न लागतो म्हणून शाळेतल्या एका सीए झालेल्या मित्राकडे गेलो. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात सीएनजीच्या पावत्या, गॅरेजची बिलं, टोल. अर्ध्या पावत्यांवरची शाई उडालेली.

त्यानं पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी पोर्टलवर माझं एआयएस उघडलं आणि विचारलं, ‘उलाढाल किती?’

‘महिन्याला साठ. म्हणजे वर्षाला सात लाख वीस हजार.’

‘इथे ९ लाख ३६ हजार दिसतायत.’

मी उडालोच! पण बरोबर तेच होतं. पॅसेंजरनं मोजलेलं पूर्ण भाडं, महिन्याला ७८ हजार, ही माझी उलाढाल. अ‍ॅपचं १८ हजार कमिशन हा माझा खर्च. मी बँकेकडे बघून हिशोब करत होतो, आयकर खातं पूर्ण भाड्याकडे बघत होतं. अ‍ॅप त्या पूर्ण रकमेवरच टीडीएस कापतं. हा दर आधी १ टक्का होता, ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. माझे ९३६ रुपये कापले गेले होते.

‘मग टॅक्स किती बसणार?’ मी आवंढा गिळला.

‘शून्य.’

छोट्या धंद्यांसाठी म्हणे सोपी वाट आहे. डिजिटल आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. मग वह्या ठेवायची सक्ती नाही, पण खर्च वेगळे वजा करता येत नाहीत. शिवाय २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. म्हणजे कसंही मोजलं तरी माझा टॅक्स शून्य. वर ९३६ रुपये परत!

मी खूश होऊन उठणार, एवढ्यात तो म्हणाला, ‘बस साल्या. टॅक्सचं झालं. आता तुझा खरा नफा काढू. तुला स्वतःला तरी कळायला हवा ना?’

एक कोरा कागद घेतला. वर लिहिलं : ६०,०००. खाली खर्च. सीएनजी १७ हजार. सर्व्हिसिंग आणि टायर ३ हजार. विमा वर्षाचा ४२ हजार, म्हणजे महिना साडेतीन. टोल, पार्किंग, धुणं २,१००. फोन ५००. हप्ता १५,२०० लिहायला गेलो, तर त्यानं पेन धरलं.

‘पूर्ण हप्ता खर्च नसतो. सुरुवातीला त्यात साधारण ६,४०० व्याज, तेवढाच खर्च. बाकी ८,८०० मुद्दल. ते म्हणजे तू गाडी विकत घेतोयस.’

उरले २७,५००. मला जरा हायसं वाटलं.

‘आणि घसारा?’

भाड्यानं चालणाऱ्या गाडीवर वर्षाला ३० टक्के घसारा. साडेआठ लाखांवर पहिल्या वर्षी २ लाख ५५ हजार, म्हणजे महिन्याला २१,२५०. कागदावर उरले ६,२५०. वर्षाला ७५ हजार.

‘हे झालं कागदावरचं. आता खिशातलं बघ.’ त्यानं घसारा खोडला आणि २७,५०० मधून मुद्दल वजा केलं. १८,७००. त्याला महिन्याच्या ३१२ तासांनी भागलं.

साठ.

साठ हजार नाही. तासाला साठ रुपये.

एफसी रोडवर कॉफी यापेक्षा महाग मिळते.

घरी येऊन तो कागद टेबलावर ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता भडकणार. तिनं एवढंच विचारलं, ‘तुला आधीपासून माहीत होतं?’

‘माहीत नव्हतं. पण शंका होती.’

‘मग बाल्कनीत का नाही बोललास?’

याला उत्तर नव्हतं. नोकरी गेलेल्या माणसाला एखादा मोठा आकडा हवा असतो, हे तिला कसं सांगणार? बहुतेक तिला कळलंच होतं. रावेतचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टेशनरीतली एक वही मात्र माझ्या डॅशबोर्डवर आली.

त्या वहीत चारच रकाने आहेत : भाडं, खर्च, तास आणि रिकामे किलोमीटर. शेवटच्या रकान्यानं डोळे उघडले. महिन्याच्या ३,८०० किलोमीटरपैकी १,३०० मी रिकामाच धावत होतो. रात्री लोहगाव विमानतळावर पॅसेंजर सोडायचा, दोन तास वाट बघायची आणि हात हलवत परत यायचं. भाडं मोठं दिसायचं, म्हणून मी त्याच्यामागे पळायचो.

आता रात्रीचं विमानतळ बंद. ऑफिसला जाणारी दोन महिनेवारी गिऱ्हाइकं थेट बांधली, त्यात कमिशन नाही. दिवसाला दहा तास, महिन्याला २४ दिवस. गाडी २,९०० किलोमीटर धावते. बँकेत येतात ६२ हजार, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच. पण सगळं देऊन, हप्तासुद्धा भरून हातात २५ हजारांच्या वर राहतात. तासाला शंभर रुपये ओलांडले.

पगार अजून गाठलेला नाही. वहीच्या पहिल्या पानावर बायकोच्या अक्षरात लिहिलंय : ‘पुढच्या मार्चपर्यंत ३४. नाहीतर पुन्हा इंटरव्ह्यू.’ खाली दोघांच्या सह्या. हे ॲग्रीमेंट मला मान्य आहे. रिटर्नमध्ये ७५ हजार नफा दाखवलाय. त्यावर घर मिळणार नाही, पण तो खरा आहे.

परवा पुन्हा एकानं विचारलं, ‘दादा, महिन्याला किती सुटतात?’

‘बँकेत येतात ते सांगू, की माझे उरतात ते?’

तो हसला. मग बराच वेळ गप्प होता. वाकडच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो, तेव्हा आरशात पाहिलं. साहेब मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसले होते.