योग आणि क्षेम

योगक्षेम हा शब्द आपण एका श्वासांत उच्चारतों. परंतु जुन्या टीकाकारांनीं त्याचे दोन भाग करून दाखविले आहेत. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हें क्षेम. संस्कृताच्या तासाला हा भेद आम्ही अनेक वर्षें फळ्यावर लिहून दिला. त्याचें मूर्त उदाहरण मात्र आम्हांस सेवानिवृत्तीनंतर एका साखर कारखान्यांत, वाफेच्या टर्बाइनापाशीं पाहावयास मिळालें.

आमचा पुतण्या कोल्हापूर जिल्ह्यांतील एका कारखान्यांत यंत्रांची देखभाल पाहतो. गळीत हंगाम संपला होता आणि टर्बाइन उघडून ठेविलें होतें. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो तो जाळून वाफ करावयाची, त्या वाफेनें टर्बाइन फिरवून वीज काढावयाची, आणि बाहेर पडलेल्या वाफेवर पुन्हां रस आटवावयाचा, अशी ती काटकसरीची योजना. चार्ल्स पार्सन्स ह्यांनीं १८८४ सालीं इंग्लंडांत पहिलें व्यवहारोपयोगी वाफेचें टर्बाइन सिद्ध केलें. त्याच कल्पनेचें हें अपत्य. एका जाड पोलादी दांड्यावर पात्यांच्या रांगा बसविलेल्या. वाफ त्यांवर आदळते आणि दांडा मिनिटाला हजारों फेरे घेतो.

एवढ्या वेगाचा हा दांडा बेअरिंगांत धातूवर टेकून फिरत असेल, अशी आमची समजूत. पुतण्या म्हणाला, "नाहीं काका, फिरतांना तो तेलावर तरंगतो. तेलाचा तो थर केसाहूनही पातळ. तो तुटला कीं सारें संपलें." म्हणून तेलांत पाणी शिरलें आहे काय, कचरा आला आहे काय, हें नित्य पाहावें लागतें. बॉयलरचें पाणी शुद्ध नसेल तर वाफेबरोबर क्षार येऊन पात्यांवर बसतात. वाफ ओलसर असेल तर तिचे थेंब पातीं झिजवितात. यंत्र बंद केल्यावरही विश्रांति नाहीं; तापलेला दांडा एकाच जागीं स्थिर राहिला तर किंचित् वांकतो, म्हणून तो निवेपर्यंत त्यास सावकाश फिरवीत ठेवावें लागतें. आजारी मुलाची कूस आई रात्रभर बदलीत राहते, त्यांतलाच हा प्रकार.

यंत्राची नाडी म्हणजे त्याचा कंप. तो मिलिमीटराच्या हजाराव्या भागांत मोजतात. एके वर्षीं ऐन हंगामांत हा कंप दिवसेंदिवस वाढूं लागला. पुतण्यानें यंत्र थांबविण्याचा आग्रह धरिला. बाहेर उसानें भरलेल्या गाड्यांची रांग; तोडलेला ऊस जितका वाळेल तितका उतारा कमी. वरिष्ठ रागावले, शेतकरी चिडले. अखेर दोन दिवस गाळप थांबलें. बेअरिंग उघडलें तेव्हां आंतील मऊ धातूचें अस्तर तडकलेलें निघालें. तें बदललें, चाक पुन्हां फिरूं लागलें. पुढें हंगामाच्या हिशोबांत वाया गेलेल्या दोन दिवसांची नोंद झाली. टळलेल्या अनर्थाची झाली नाहीं. जें घडलेंच नाहीं त्याची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची?

असा अनर्थ घडला म्हणजे केवढा असतो, हें रशियानें पाहिलें आहे. सैबेरियांत येनिसेइ नदीवर सायानो-शुशेन्स्काया नांवाचें जलविद्युत् केंद्र आहे. तेथील टर्बाइनें वाफेवर नव्हे, पाण्याच्या दाबावर फिरतात. एकूण दहा, प्रत्येकाची शक्ति ६४० मेगावॉट. १७ ऑगस्ट २००९ रोजीं सकाळीं दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनाचें झांकण पाण्याच्या दाबानें उखडलें, यंत्रशाळेंत पूर आला आणि ७५ माणसें प्राणांस मुकलीं. झांकण आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकीं जे ४९ सांपडले, त्यांतील ४१ मध्यें धातु थकून पडलेल्या चिरा आढळल्या. कांहींवर तर नटच नसावेत, अशीं चिन्हें होतीं. त्याच वर्षाच्या आरंभीं त्या यंत्राची दुरुस्तीही झालेली होती. अशा चिरा एका रात्रींत पडत नाहींत; प्रत्येक कंपागणिक त्या तिळातिळानें वाढतात. केंद्र पूर्ववत् होण्यास २०१४ साल उजाडलें.

योगाचे उत्सव होतात. धरणाचें उद्घाटन होतें, कोनशिलेवर नांवें कोरलीं जातात. क्षेमाला कोनशिला नसते. आपल्या घरांतही निराळें काय आहे? घर बांधणाऱ्या आजोबांची तसबीर दिवाणखान्यांत लागते. परंतु दर वैशाखांत कौलें परतून घेणारी, धान्यास ऊन दाखविणारी, वाळवीची पहिली रेघ पाहतांच कपाट रिकामें करणारी आजी कोणत्या चौकटींत असते? घर गळलें नाहीं, ह्याचें श्रेय आपण पावसाला देतों.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अशा देखभालीच्या कामावर असेल, तर "नवीन काय केलेंस?" एवढेंच विचारूं नये, "ह्या वर्षीं काय राखलेंस?" हेंही विचारावें. आणि चालतें चाक थांबवा असें कोणी जाणता सांगूं लागला, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वीं त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें. त्या थांबण्यांत क्षेम असूं शकतें.