उत्तर-दक्षिण गाडीतून दादाला पत्र

हो चि मिन्ह सिटी, व्हिएतनाम

तीर्थस्वरूप दादा,


निघताना तू दोन कामं सांगितली होतीस. रूळ, घाट, इंजिन सगळं नीट बघून कळव, हे एक. आणि तिथं आपली किती देवळं उरलीत ते बघून ये, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर अगदी आवडीनं देते, कारण अकोला-खांडवा लाइनवर गार्ड म्हणून उभी नोकरी केलेल्या माणसाइतकं मन लावून ते वाचणारं आपल्या घरात दुसरं कोणी नाही. दुसऱ्यावर मात्र तुझ्याशी जरा बोलायचंय. ही देवळं आपली म्हणून बघायला गेलं की त्यातलं निम्मं दिसतच नाही, असं माझं आता पक्कं मत झालंय. आणि हे मत मला या गाडीनं दिलंय.

तर आधी गाडी. हनोई ते सायगॉन १७२६ किलोमीटर, सगळी तुझ्या ओळखीची मीटरगेज. शहराचं नाव बदलून हो चि मिन्ह सिटी झालं तरी स्टेशनाचं नाव अजून सायगॉनच आहे. जलद गाडीलाही तीस-पस्तीस तास लागतात. १९८० च्या दशकात आपल्या वाराणसीच्या कारखान्यात बांधलेली डिझेल इंजिनं इथल्या रुळांवर धावली आहेत, हे तुला मुद्दाम सांगते. डबे दोन तऱ्हांचे, बसून जायचे आणि झोपून जायचे. झोपायच्या डब्यात एका खोलीत चार बर्थ किंवा सहा. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यावर लोक शेवयांचे कप भरून घेतात. दर थोड्या वेळानं भाताची पेज आणि उकडलेली कणसं घेऊन ढकलगाडी येते. विमानानं हेच अंतर दोन तासांत होतं. पण या देशाचा इतिहास उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेलाय आणि गाडीही नेमकी त्याच वाटेनं जाते.

फ्रेंचांनी १८९९ मध्ये या मार्गाचं काम सुरू केलं आणि १९३६ मध्ये तो पुरा झाला. जेमतेम अठरा वर्षांनी, १९५४ मध्ये, देशाची सतराव्या अक्षांशावर फाळणी झाली आणि मार्ग मधूनच तुटला. पुढं युद्धात उत्तरेकडचे पूल अमेरिकन विमानांनी पाडले आणि दक्षिणेकडचे रूळ गनिमांनी उखडले. युद्ध १९७५ मध्ये थांबलं. पुढच्या वर्षी, ३१ डिसेंबर १९७६ ला, पुन्हा सलग गाडी सुटली. तेवढ्या अवधीत १३०० हून अधिक पूल, २७ बोगदे आणि १५८ स्टेशनं दुरुस्त केली गेली. आपल्याकडची रेल्वेची गँग एका पुलाच्या दुरुस्तीला किती दिवस घेते ते तू जाणतोस, तेव्हा या आकड्यांचं वजन तुलाच नीट कळेल. हनोई स्टेशनासमोर उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या जुन्या फ्रेंच इमारती दिसतात आणि मध्येच सिमेंटचा एक सरळसोट भाग येतो. डिसेंबर १९७२ च्या बॉम्बफेकीत मधली इमारत गेली. नवी बांधताना जुनीची नक्कल केली नाही, त्यामुळे घाव कुठं बसला ते प्रवाशाला आजही दिसतं.

हनोईतल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात मी एका वस्तूपुढं फार वेळ उभी राहिले. नदीच्या चिखलातून निघालेले काळपट लाकडी सोट आहेत ते. १२८८ मध्ये मंगोल आरमार बाक डांग नदीत आलं, तेव्हा चान हुंग दाव या सेनापतीनं नदीच्या पात्रात असे टोकदार सोट रोवून ठेवले होते. भरतीच्या पाण्यात ते दिसेनात. व्हिएतनामी होड्यांनी शत्रूला हुलकावणी देत आत ओढलं, आणि ओहोटी लागताच मोठी जहाजं सोटांवर अडकली. हीच युक्ती याच नदीत ९३८ मध्ये न्गो क्वेन या सरदारानं चिनी आरमाराविरुद्ध केली होती. शिवाजी महाराजांचा गनिमी कावा शिकून व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं, असा एक मेसेज आपल्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी फिरतो. दादा, तो पुराव्यावाचून फिरतोय. महाराजांचं मोठेपण सह्याद्रीत सिद्ध झालेलं आहे, त्याला दूरदेशीच्या दाखल्याची गरज नाही. आणि ज्या लोकांनी महाराजांच्या जन्माआधी जवळजवळ साडेतीनशे वर्षं भरती-ओहोटीचं गणित मांडून मंगोलांना बुडवलं, त्यांचं श्रेय आपण आपल्या नावावर का लावून घ्यावं?

हनोईहून संध्याकाळी सुटलेली गाडी सकाळी डोंग होय ओलांडते आणि त्यानंतर बेन हाय नदी येते. नदी लहानच आहे. वीस वर्षं हीच देशाची सरहद्द होती. पूल ओलांडायला काही क्षण लागतात, डब्यातली माणसं चहा-कॉफी पीत असतात, कोणी मान वर करून बघतही नाही. मला ते फार चांगलं वाटलं. सरहद्द पुसली जाते म्हणजे हेच.

हुए या जुन्या राजधानीत उतरलास तर थियेन मू पॅगोडा चुकवू नकोस. १६०१ मध्ये स्थापन झालेलं ते बौद्ध स्थान आहे, नदीकाठी सात मजली मनोरा आहे. मागच्या अंगणात एक जुनी निळसर ऑस्टिन मोटार ठेवलीय. ११ जून १९६३ ला थिक क्वांग डुक हे भिक्षू याच मोटारीतून सायगॉनच्या चौकात गेले आणि बौद्धांवरच्या जुलमाचा निषेध म्हणून तिथं त्यांनी अग्निप्रवेश केला. लोक मोटारीपुढं येतात, वाचतात आणि न बोलता पुढं देवाच्या दर्शनाला जातात. देऊळ आणि संग्रहालय असे दोन कप्पे आपण करतो, ते इथं एका अंगणात येऊन मिळतात.

आता तुझ्या खास आवडीचं. हुएनंतर हाय व्हानचा घाट लागतो. हमरस्त्याची वाहतूक २००५ पासून डोंगराखालच्या बोगद्यातून जाते, पण रेल्वे अजून जुन्याच वाटेनं समुद्राच्या कडेकडेनं चढते. तुझ्या धुळघाटाच्या वळशावर पुढचं इंजिन आपल्याच डब्यातून दिसायचं, तसंच इथंही सारखं दिसत राहतं. फक्त सागाच्या जंगलाऐवजी खाली निळं पाणी असतं. दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी घे. घाट उतरून गाडी दा नांगला येते. ते स्टेशन शेवटाचं आहे, रूळ तिथंच संपतात. त्यामुळे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी उलटी फिरून पुढं निघते.

या घाटाशीच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. घाटाच्या दोन्ही बाजूंना चाम लोकांचं चंपा राज्य होतं. १३०६ मध्ये चंपाचा राजा तिसरा जयसिंहवर्मन यानं व्हिएतनामी राजकन्येशी लग्न केलं आणि त्या बदल्यात हुएच्या आसपासचा मुलूख दिला. तेव्हा घाट ही सरहद्द झाली. १४७१ मध्ये व्हिएतनामी फौजांनी विजया ही राजधानी घेतली. १६५३ मध्ये न्हा त्रांगचा प्रदेश गेला. उरलं दक्षिणेतलं पांडुरंग नावाचं छोटं राज्य, तेही १८३२ मध्ये संपलं. हे नाव ऐकून आपण लगेच पंढरपूरला पोचू, म्हणून आधीच सांगते की ते चाम लोकांच्या एका राज्याचं नाव होतं. गाडी दक्षिणेकडे सरकते तशी ही सनावळी खिडकीबाहेरून जात राहते. प्रत्येक मोठं स्टेशन म्हणजे चंपानं गमावलेला एकेक मुलूख.

दा नांगमध्ये चाम शिल्पांचं संग्रहालय आहे. १९१९ मध्ये ते सुरू झालं. तिथला गणपती मी डोळे भरून बघितला. सातव्या-आठव्या शतकातला, वालुकाश्माचा, चार हातांचा आणि उभा. डाव्या हातात वाटी आहे आणि सोंडेचं टोक त्या वाटीत बुडालंय. मुकुटाचा थाट नाही, अंगावर दागिनेही बेताचेच. चेहऱ्यावर खाण्यात रमलेल्या मुलाचा भाव आहे. मी हात जोडले, ते आपोआपच जोडले गेले. पण मग नीट बघितलं. आपल्या घरच्या गणपतीच्या बैठकीचा, सोंडेच्या वळणाचा इथं काही संबंध नव्हता. तो घडवणाऱ्यानं आपल्या भागातला दगड आणि आपल्या भागातलं अंग घेऊन देव घडवला होता. ज्या कारागिरानं हे केलं त्याला केवळ आपला अनुयायी म्हणणं हा त्याच्या हातावर अन्याय आहे.

‘मी सन’ या ठिकाणी ते आणखी पटतं. दा नांगहून सुमारे सत्तर किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत विटांची देवळं आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजानं इथं भद्रेश्वर नावाचं शिवलिंग स्थापलं आणि तेराव्या शतकापर्यंत देवळं बांधली जात राहिली. विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांध्यात चुना दिसत नाही. भिंत उभी केल्यावर तिच्यावरच नक्षी कोरलेली. जुन्या विटा आजही लालसर आणि कोरड्या आहेत. अलीकडच्या डागडुजीच्या विटांवर मात्र शेवाळ चढलंय. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत इथलं सर्वांत देखणं मंदिर कोसळलं, आणि बॉम्बचे खड्डे देवळांच्या शेजारी अजून आहेत. युद्धानंतर काझिमियेझ क्वियात्कोवस्की हा पोलिश वास्तुरचनाकार इथं आला आणि १९९७ मध्ये हुएला मरण येईपर्यंत काम करत राहिला. पडलेलं नव्यानं उभारण्यापेक्षा उभं आहे ते सावरायचं, हा त्याचा आग्रह. २०१७ पासून आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानंही इथल्या काही मंदिरांचं जतन केलं, आणि त्या कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. भारताचा अभिमान वाटावा अशी जागा कोणती असेल तर ती ही. दुसऱ्याची वास्तू तिच्याच पद्धतीनं सावरायला आपली माणसं तिथं राबली.

न्हा त्रांगला टेकडीवर पो नगर देवीची देवळं आहेत. देवी दहा हातांची, पाषाणाची. जुन्या संस्कृत शिलालेखांत तिला भगवती म्हटलंय. व्हिएतनामी लोक इथं राहायला आले तेव्हा त्यांनी मुलूख घेतला आणि देवीही आपली केली. आज ती भरजरी व्हिएतनामी वेषात असते. मी गेले तेव्हा एक म्हातारी बाई फळांचं ताट ठेवून उदबत्ती दोन्ही हातांत धरून डोळे मिटून पुटपुटत होती, आणि बाजूला कॉलेजातल्या मुलींचा घोळका तसाच उभा होता. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या देवीपुढं मान वाकवली, असा हा सुमारे पावणेचारशे वर्षांचा शिरस्ता आहे.

आणि फान रांगजवळचं थाप चाम स्टेशन. तिथं उतरच. स्टेशनापासून जवळच टेकडीवर पो क्लोंग गराय मंदिर आहे. ज्या जयसिंहवर्मननं हुएचा मुलूख दिला त्याच्याच काळातलं. दारावर नाचणारा शिव आहे, आत नंदी आहे, आणि गाभाऱ्यातल्या लिंगावर राजाचा चेहरा कोरलाय. इथं पूजा थांबलेली नाही. व्हिएतनाममध्ये आज पावणेदोन लाखांच्या वर चाम लोक आहेत, काही हिंदू परंपरेतले, काही मुसलमान. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काटे नावाचा त्यांचा उत्सव असतो. चाम राजांची वस्त्रं डोंगरातले रागलाय लोक सांभाळतात आणि उत्सवाला ती वाजतगाजत आणून देतात. राज्य बुडून दोनशे वर्षं होत आली, तरी शेजाऱ्यानं ठेव जपलीय. भारतातून कोणी येऊन हे सांभाळलेलं नाही. त्यांचं त्यांनी सांभाळलं.

सायगॉनमध्ये युद्ध-अवशेष संग्रहालयात मन घट्ट करून जा. रासायनिक फवाऱ्यानं पिढ्यान् पिढ्या भोगणाऱ्यांची चित्रं बघवत नाहीत. पण वरच्या मजल्यावर युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांचं दालन आहे, सव्वाशेहून अधिक जणांचं. अमेरिकन, फ्रेंच, जपानी, दक्षिणेचे, उत्तरेचे, सगळे एकत्र. ज्या देशावर एवढे बॉम्ब पडले त्यानं बॉम्ब टाकणाऱ्या बाजूच्या मृतांनाही भिंतीवर जागा दिली. मला हे या प्रवासातलं सर्वांत मोठं देऊळ वाटलं.

तू ये, दादा. फेब्रुवारी ते एप्रिल हवा बरी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या पट्ट्यात पाऊस आणि वादळं. तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आसपास मात्र तिकीट मिळत नाही. हनोईहून चढ, घाई करू नकोस, मध्ये मध्ये उतर. देवळात हात जोड, त्यात काहीच गैर नाही. त्यानंतर एवढंच विचार, की हे कोणी बांधलं, कोणी पाडलं, कोणी सावरलं आणि आज इथं उदबत्ती कोण लावतं. आपल्या किनाऱ्यावरून देव आणि अक्षरं त्यांच्याकडे गेली हे खरं आहे आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण पुढची दीड हजार वर्षं त्यांची आहेत. ती त्यांच्या नावानं वाचली, तरच आपल्याला हा देश दिसेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी